बर्फावरच्या तंबूचे पोल संध्याकाळी जाम का होतात

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मूळचे सोलापूरचे, अमेरिकेत मिनेसोटात हा तुमचा दुसरा हिवाळा. तिथे तळी गोठली की बर्फाला भोक पाडून, वर छोटा तंबू टाकून लोक मासे धरत बसतात. तसा दोन माणसांचा तंबू तुम्ही कुणाकडून तरी जुना घेतलात. दिवसभर सगळं नीट चालतं, पण संध्याकाळी आवरायला घेतलं की एकात एक सरकणारे ॲल्युमिनियमचे पोल आत जात नाहीत. गेल्या रविवारी उणे २० मध्ये तुम्ही हातोडी चालवलीत आणि कोपऱ्यातला प्लास्टिकचा सांधा तडकला. आता विचारताय, स्प्रे कोणता मारू (डब्ल्यूडी-४० हा सांधे सोडवायचा स्प्रे चालेल का), गरम पाणी ओतलं तर चालेल का, आणि आईने दिलेली सोलापुरी चादर आतून लावली तर काही फरक पडेल का.

तिन्हींची उत्तरं देतो. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं कितपत ऐकायचं हे तुम्हाला ठरवता येईल. मी २७ वर्षं सोलापुरात कोल्ड स्टोरेजची कामं करतोय. द्राक्षांच्या आणि डाळिंबांच्या खोल्या, आइस्क्रीमची उणे २० ची गोदामं. बाहेर उन्हाळ्यात ४२ अंश, आत उणे २०, आणि दोन्हींच्या मध्ये हातभरसुद्धा नाही अशी, आत फोम भरलेल्या पफ पॅनेलची भिंत. मुलगी तिकडेच मिनियापोलिसजवळ राहते, म्हणून दोन हिवाळे तिकडे काढले आणि जावयांबरोबर आठ-दहा वेळा बर्फावर गेलो. मासेमारीतलं मला फारसं कळत नाही. थंडीत एक धातू दुसऱ्याला का धरून बसतो ते मात्र कळतं, कारण माझं पोट त्याच कामावर चालतं.

पहिल्यांदा मिल लॅक्सच्या तळ्यावर गेलो तेव्हा जावयांचेही पोल असेच अडकले. जानेवारी महिना, पाच वाजायच्या आतच सूर्य बुडाला होता. ते दोन्ही हातांनी ओढत होते. मी टॉर्च घेऊन सांध्याजवळ वाकलो. आतला पोल बाहेरच्या पोलात शिरतो नेमक्या त्या जागी चारही बाजूंनी एक पांढरी बारीक रेघ होती, कपाळावरच्या भस्मासारखी. नखाने खरवडली तर भुरभुरली. त्याच्या आत, दोन नळ्यांच्या फटीत, काचेसारखा बर्फाचा पापुद्रा होता. अगदी हीच रेघ मी आमच्या फ्रीझर रूमच्या दाराच्या कडीवर शेकडो वेळा पाहिलेली आहे. ती दिसली आणि तिथेच कळलं की दुखणं आपल्या ओळखीचं आहे.

कोरडी नळी उणे ४० मध्ये ठेवलीत तरी जाम होणार नाही. ॲल्युमिनियम थोडं आक्रसेल, पण आतली आणि बाहेरची नळी दोन्ही सारख्याच आक्रसतात, त्यामुळे फट जवळपास तेवढीच राहते. जाम व्हायला पाणी लागतं. म्हणून स्प्रे कोणता, याआधी विचारायला हवं की एवढ्या कोरड्या थंडीत तंबूत पाणी आलं कुठून.

सगळ्यात मोठा वाटा तंबूतल्या तुमच्या गॅसच्या हीटरचा आहे, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यातला प्रोपेन गॅस जळतो तेव्हा पाण्याची वाफ तयार होते. हिशोब सरळ आहे : १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. तिकडे तो एक पौंडाचा हिरवा छोटा सिलिंडर मिळतो, तो एक संपला म्हणजे तंबूत पाऊण लिटर पाणी सोडलंत. त्यात दोन माणसांच्या श्वासाचं पेलाभर धरा. भोकातून वर येणारी वाफ आणि बुटांवरून आत आलेला, वितळलेला बर्फ वेगळाच.

आता हे पाणी हवेत मावतं किती ते बघा. दोन माणसांच्या तंबूत साधारण ५ घनमीटर हवा असते. १० अंशांच्या हवेत घनमीटरमागे ९ ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते. म्हणजे सगळ्या तंबूत मिळून ४५-५० ग्रॅम. पाऊण लिटरातलं जे फटींतून बाहेर जाईल ते जाईल, बाकीचं कुठेतरी बसणारच. ते बसतं सगळ्यात गार जागेवर, म्हणजे कापडावर आणि त्याला टेकलेल्या पोलवर. कापडावरचे थेंब पोलवर ओघळतात, पोलवरून खाली सांध्याशी येतात, आणि दोन नळ्यांमधली बारीक फट ते पाणी वातीसारखं आत ओढून घेते. हीटर चालू असेपर्यंत ते पाणीच असतं. तुम्ही हीटर बंद करता, सामान आवरता, मासे पिशवीत भरता, आणि त्या पाच-दहा मिनिटांत तो पापुद्रा गोठतो. कागदाएवढा पातळ असला तरी चारही बाजूंनी धरून बसला की दोन माणसांच्या ताकदीला दाद देत नाही.

इथे एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. पोल फक्त संध्याकाळी आत जात नाहीत, की पुढच्या खेपेला सकाळी बाहेरही येत नाहीत? दोन्हींची कारणं वेगळी. संध्याकाळी पोल पूर्ण ताणलेले असतात, एक नळी दुसरीत वीतभरच असते, त्यामुळे बर्फाची पकडही वीतभर. पण ओले पोल तसेच बंद करून उघड्या ट्रेलरवर टाकलेत, तर आता दोन-अडीच फूट लांबीभर पाणी सांडलेलं असतं आणि ते रात्री निवांत गोठतं. सकाळचं जाम होणं संध्याकाळच्यापेक्षा फार वाईट. तळ्यावर उभं राहून ते सुटत नाही, त्याला घराची ऊबच लागते.

आणखी काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. तंबूला रजईसारखं अस्तराचं कापड असेल तर आतून थेंब कमी धरतात. एकेरी कापड असेल तर पाऊसच पडतो म्हणा. थंडी किती, यावरही आहे, पण आपल्याला वाटतं त्याच्या उलट. उणे २५ ला बर्फ भुकटीसारखा कोरडा असतो, झटकला की पडतो. शून्याच्या आसपास, उणे दोन-तीनला, तळ्यावर बर्फ आणि पाण्याचा जो काला होतो तो सगळ्याला ओलं करतो, आणि रात्री पारा उतरला की सगळं एकजीव होऊन बसतं. जावयांचा सगळ्यात वाईट दिवस असाच एका ‘उबदार’ शनिवारचा होता. आणि तुमचा तंबू सरकत्या पोलांचा नसून तो छत्रीसारखा ओढून उघडायचा, फायबरच्या काड्यांचा असेल, तर त्यात नळीत नळी नसते. तिथे मधल्या चकतीत बर्फ साचतो. तो कुंच्याने झाडा आणि गारठलेल्या काड्या जोर लावून वाकवू नका. तुमचं वर्णन मात्र सरळसरळ सरकत्या पोलांचं आहे, म्हणून पुढचं त्याबद्दलच.

फ्रीझर रूमच्या दारापाशी आम्ही काय करतो ते सांगतो, कारण तुमच्या तंबूचा इलाज त्यातच आहे. दाराशी बर्फ धरतो तो बाहेरची दमट हवा आत घुसल्यामुळे. त्यामुळे पहिली लढाई वाफेशी : प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, दार कमी वेळ उघडं, दाराच्या कडेची रबरी पट्टी (गॅस्केट) धड. दुसरी, जिथे पाणी येणारच तिथून ते वाहून जायची सोय, म्हणजे ड्रेन मोकळा. तिसरी, कडी दर पाळीत हलवायची, म्हणजे धरलेला पापुद्रा जाड व्हायच्या आत मोडतो. वंगण या सगळ्यानंतर, चौथ्या नंबरला येतं. वंगण पाण्याला अडवत नाही, फक्त बर्फाची पकड सैल करतं.

तेच तुमच्याकडे. वाफेला वाट द्या. वरची खिडकी थोडी आणि खालची एक बाजू थोडी, अशा दोन फटी हीटर चालू असेपर्यंत उघड्याच हव्यात. बाहेरच्या उणे २० च्या हवेत घनमीटरमागे जेमतेम १ ग्रॅम वाफ असते. ती आत येऊन तापली की कोरडी ठणठणीत होते आणि ओल शोषून घेते. थोडी ऊब जाईल, जाऊ द्या. आणि हे फक्त पोलांसाठी सांगत नाही. बंद तंबूत गॅसचा हीटर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस पेंगतो आणि उठत नाही. बॅटरीवरचा मोनॉक्साइडचा अलार्म घ्या आणि तो तंबूत टांगल्याशिवाय हीटर पेटवू नका. माझ्या मुलीच्या घरात हा नियम मी हट्टाने लावलाय. पुढेमागे खर्च करायचा झाला तर ज्याचा धूर नळीने बाहेर जातो असा हीटर बघा. त्याचं पाणीही धुराबरोबर बाहेर जातं, तंबू कोरडा राहतो आणि पोलांचा त्रास निम्म्याहून कमी होतो.

भोकातून काढलेला बर्फाचा काला तंबूत ढिगाने ठेवू नका, बाहेर टाका. तंबू ज्या प्लास्टिकच्या घसरगाडीवर बसतो तिच्या तळाशी पाणी साचलेलं असतं आणि पोलांची खालची टोकं त्यातच बुडालेली असतात, हे टॉर्च लावून एकदा बघा. दर तासाला पोलवरचं खटक्याचं बटण दाबून प्रत्येक पोल बोटभर आत-बाहेर करा. मासा गळाला लागण्याची वाट बघताना तेवढा वेळ असतोच.

संध्याकाळचा क्रम तर बदलाच, निम्मं काम त्यात आहे. तुम्ही आधी हीटर बंद करता आणि पोल शेवटी मिटता. उलट करा. गळ आवरा, मासे आणि सामान बाहेर काढा, हीटर चालूच ठेवून दोन्ही बाजूंची कापडं उघडा आणि दहा मिनिटं हवा खेळू द्या. मग कोरडा टॉवेल घेऊन प्रत्येक पोलचा आतला, उघडा दिसणारा भाग वरून खाली दाबून पुसा, सांध्याच्या कडेला टॉवेलचं टोक घालून फिरवा. पोल एकदा हलवून बघा, मोकळा आहे ना. आता हीटर बंद करा, तो बाहेर काढा आणि लगेच, मध्ये गप्पा न मारता, पोल मिटा. मिटताना आतली नळी ओली दिसली तर थांबून परत पुसा, नाहीतर ते पाणी उद्या सकाळी तुमच्या वाटेला येईल. घरी गेल्यावर गॅरेजमध्ये तंबू पुन्हा पूर्ण उघडून रात्रभर ठेवा. कंटाळा येतो, मला माहीत आहे. जावयांनी एकच आठवडा कंटाळा केला आणि पुढच्या शनिवारी पोल उघडलेच नाहीत.

आता स्प्रे. सिलिकॉनचा घ्या, किंवा ज्यावर ‘ड्राय’ लिहिलेलं असतं तो टेफ्लॉनचा. दोन्ही थंडीत घट्ट होत नाहीत, प्लास्टिकला आणि नायलॉनच्या बुशला त्रास देत नाहीत, पाणी त्यांच्यावर पसरत नाही. पण ओल्या, मळक्या पोलवर तळ्यावर उभं राहून मारलात तर पैसे वाया. घरी पोल सुटे करा, कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, काठीला फडकं गुंडाळून नळी आतून पुसा, एक दिवस वाळू द्या. मग स्प्रे फडक्यावर मारून आतल्या नळीला पातळ हात द्या आणि वाळू द्या. थेट फवारू नका. कापडावर उडालं तर उद्या तिथे ठिगळ चिकटणार नाही, आणि घसरगाडीच्या तळावर सांडलं तर पाय घसरेल. हंगामात दोन-तीनदा पुरे. हाताशी काही नसेल तर साधी मेणबत्ती नळीवर घासली तरी महिनाभर काम भागतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल विचारलंत. त्यातलं डब्ल्यूडी म्हणजेच पाणी हुसकावणं, आणि ते काम ते करतं. पण मागे जो तेलाचा पातळ हात राहतो तो टिकत नाही आणि धूळ धरतो. भिजलेला सांधा घरी मोकळा करायला वापरा, वंगण म्हणून नको.

ग्रीस तर अजिबात नको. याची किंमत मी पाहिलेली आहे. नवीन होतो तेव्हा एका आइस्क्रीमच्या गोदामात दाराच्या सरकत्या दांड्याला मी ट्रकला लावतात ते साधं ग्रीस भरलं. हाताला छान मऊ लागत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माल काढायला एक मुलगा आत गेला, दार मागे लागलं आणि आतून कडी उघडेना. उणे २० मध्ये ते ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. दार ठोकल्याचा आवाज कुणाला तरी आला म्हणून दहा मिनिटांत तो बाहेर आला. त्याचे निळसर पडलेले ओठ मला अजून दिसतात. तेव्हापासून थंडीत काहीही लावायचं तर ते आधी वाटीत घेऊन फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवतो आणि सकाळी बोट लावून बघतो. तुमच्या घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यातही ही परीक्षा होते. बोटाला पातळ लागलं तरच पोलला लावा.

गरम पाणी ओतू नका. पहिलं मिनिट सुटल्यासारखं वाटतं, पण तुम्ही फटीत आणखी पाणी भरलेलं असतं आणि ते उणे २० मध्ये बघता बघता गोठतं. शिवाय पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के फुगतो. बंद टोकाच्या नळीत पाणी साचून गोठलं तर शिवणीवर चीर जाते. मीठही नको, ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट विषारी असतं, ते तळ्याच्या बर्फावर सांडणं बरोबर नाही.

मग अडकलाच तर काय? आधी ओढू नका, आत ढकला. ढकलताना मागे-पुढे बारीक झटके द्या, पापुद्रा मोडायला केसभर हालचाल पुरते. लाकडी दांड्याने सांध्याच्या भोवती हलके ठोके द्या, लोखंडी हातोडी पेटीतच राहू द्या. त्या गारठ्यात प्लास्टिक काचेसारखं तडकतं, तुमच्या कोपऱ्याचं तेच झालं, आणि ॲल्युमिनियमला पोचा पडला तर पोल कायमचा जाम होतो. नाहीच हललं तर हात शेकायच्या त्या पुड्या मिळतात, दोन पुड्या सांध्याला दोन बाजूंनी लावून वर टॉवेल घट्ट बांधा आणि दहा मिनिटं थांबा. मला सगळ्यात खात्रीचा वाटतो तो हाच उपाय, कारण ऊब नेमकी हवी तिथे जाते आणि पाणी वाढत नाही. त्यानंतरचा उपाय आयसोप्रोपिल अल्कोहोल, छोट्या पिचकारीच्या बाटलीतून चार थेंब फटीत आणि चार बटणाच्या भोकात. ते त्या थंडीत गोठत नाही आणि बर्फ सोडवतं. पण पेट घेतं, तेव्हा हीटर पूर्ण बंद, गार झालेला आणि लांब. पोलला कुठलीही ज्योत दाखवू नका. कापड पॉलिएस्टरचं आहे, एका क्षणात जाईल. आणि तरीही नाही सुटला, तर भांडू नका. पोल सुटे करता येत असतील तर काढून लांबीसकट गाडीत आडवे टाका, नाहीतर तंबू आहे तसा दोरीने बांधून घरी आणा. गॅरेजमध्ये तासाभरात आपोआप सुटेल.

जुना तंबू आहे म्हणून एक सुचवतो. पोलच्या खालच्या टोकाला प्लास्टिकचं टोपण असतं, त्यात पाणी तुंबून राहतं. पोल उभा धरून हलवा, आत पाणी किंवा बर्फ खुळखुळतो का ऐका. तसं असेल तर टोपणालाच, नळीला नाही, ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा. आमच्या भाषेत हा ड्रेन. जावयांच्या तंबूला मी चार पाडली, पहिल्याच संध्याकाळी एका टोपणातून चमचाभर गढूळ पाणी बाहेर आलं. कोपऱ्याचा तडकलेला सांधा मात्र चिकटवत बसू नका, नवीन भाग मागवा. सांधा तिरका बसला तर पोल वाकडा सरकतो, आणि मग कोरडा असला तरी अडतो.

राहिली चादर. आतून टांगू नका. सुती आहे, ती वाफ पिऊन जड होईल, खाली कडक होऊन कापडाला चिकटेल, आणि हीटरच्या इतक्या जवळ सुती कापड लोंबकळणं धोक्याचं. ती घडी करून बसायच्या बाकावर घाला, खालून येणारा गारठा अडवायला तिच्यासारखं काही नाही. इथून कुणी येणार असेल तर त्यांच्याबरोबर चादरीऐवजी टेरीचे चार टॉवेल मागवा, जाड विणीचे. पोल पुसायला दोन, पुड्या बांधायला एक, आणि एक कोरडा पिशवीत ठेवायला. पहिले दोन भिजलेले असतात तेव्हाच शेवटचा पोल मिटायचा राहिलेला असतो.